तेहेतीसवरच ऐकावी

खरं ऐकणं ही तपश्चर्या आहे, आणि ज्याने ती केली त्यालाच दुसऱ्याने काय ऐकावं हे सांगायचा अधिकार पोचतो. हे डेटलेफ क्रानर्टचं मत. दिवसातून सात-आठदा तो ते ऐकवी. त्यातल्या एखाद्या वेळी तरी समोरच्याने नुसतं संडास कुठे आहे एवढंच विचारलेलं असे.

फ्रीड्रिशहाइनमधल्या आमच्या रेकॉर्डच्या दुकानात तो मालक आणि मी नोकर. भिंत पडून आठ वर्षं झाली होती आणि पूर्व बर्लिनच्या दर दुसऱ्या तळघरात टेक्नो हे यंत्रावरचं नाचाचं संगीत वाजत होतं. डेटलेफ मूळचा स्टुटगार्टकडचा, एका विमा एजंटाचा मुलगा. पण काळे कपडे आणि न हसणं एवढ्या भांडवलावर तो पक्का बर्लिनकर झाला होता. आवडलेल्या रेकॉर्डवर तो हाताने लिहिलेली पिवळी चिठ्ठी चिकटवी. चिठ्ठी लागली की रेकॉर्ड आठवड्यात संपे. नाही लागली, तर ज्याने केली त्याच्या पलंगाखाली परत जाई.

काहीतरी चांगलं सुचवा, म्हणत नवखे लोक भाबडेपणाने येत. डेटलेफ आधी विचारी, काल काय ऐकलंस? उत्तर ऐकलं की डोळे मिटून घेई. कासेलहून इथे बदलून आलेल्या एका शाळामास्तराला त्याने सांगितलं, दोन वर्षं काहीही ऐकू नका, आधी कान निवू देत. मास्तर रडवेला झाला आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला, तिचेही कान दाखवायला.

अशा या दुकानात एप्रिलमध्ये रमोना पेट्शिक आली. जुन्या पूर्वेकडच्या कॉटबुसची बाई, वय पस्तीसच्या आसपास, इथल्या एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. तिच्याबरोबरच्या बायका ड्यूटी संपल्यावर चादरींच्या ढिगांमधून नाचत. त्यांच्यासाठी तिने स्वयंपाकघरात एक जुनं ताल वाजवायचं यंत्र ठेवून सात मिनिटांचं नाचाचं गाणं केलं होतं आणि त्याच्या तीनशे रेकॉर्ड काढून घेतल्या होत्या. लेबल कोरं. आमच्या धंद्यात लेबलवर नाव छापणं उथळपणाचं, आणि मिनिटाला तेहेतीस फेरे की पंचेचाळीस हे लिहिणं म्हणजे तर गावंढळपणाच. ज्याला कळतं त्याला कळतं. ज्याला कळत नाही त्याने विचारू नये. रमोनाने रीत पाळली होती.

डेटलेफ सोवळ्यात असल्यासारखा रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राला शिवत नसे. रेकॉर्ड लावणं माझं काम. काउंटरवरची दोन्ही यंत्रं गुंतली होती, म्हणून मी रमोनाची रेकॉर्ड खिडकीजवळच्या तिसऱ्या यंत्रावर लावली. डेटलेफने हेडफोन चढवले. एरवी तो वीस सेकंदांत निकाल देई. त्या दिवशी साडेनऊ मिनिटं उभा राहिला. रमोनाला काहीच ऐकू येत नव्हतं, ती फक्त त्याचं तोंड बघत होती. शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने चिठ्ठी लिहिली : 'एका बुडालेल्या देशाचं सुतक. तेहेतीसवरच ऐकावी.'

रमोनाने चिठ्ठी दोनदा वाचली. दारात मला हळूच म्हणाली, "अरे उली, ती पंचेचाळीसची आहे."

"चिठ्ठी मिळाली ना? मग गप घरी जा," मी म्हणालो.

ती गेली. तीनशेच्या तीनशे रेकॉर्ड नऊ दिवसांत संपल्या. जो तो तेहेतीसवर लावी आणि सुतक पाळी. क्लबांत ती कार्यक्रमाच्या अखेरीला वाजू लागली. एका रविवारी भर दुपारी, आदल्या रात्रीपासूनचा नाच संपता संपता, रमोना धुलाईखान्यातल्या सहा जणींना हौसेने घेऊन गेली; साऱ्या जणी केस वळवून, नवे बूट घालून आलेल्या. गाणं लागलं आणि चारशे माणसं माना खाली घालून स्तब्ध उभी राहिली. सहा जणींतली सर्वांत थोरली तिच्या कानाशी लागून म्हणाली, "रमोना, कोण गेलं गं?"

त्याच सुमारास डेटलेफने दुसऱ्या खेपेच्या दोन हजार रेकॉर्ड काढायचं ठरवलं. या वेळी रीत मोडून लेबलवर ठळक '३३' छापायचं होतं. लेबलं सोमवारी छापखान्यात जाणार होती. रमोनाला तेवढा एक आकडा बदलून हवा होता. त्यासाठी ती शनिवारी दुपारी आली.

शनिवारी डेटलेफ जिज्ञासूंना आपल्या आवडीच्या रेकॉर्ड समजावून सांगे. मोठ्या स्पीकरची वायर तिसऱ्या यंत्रापर्यंतच पोचत असल्याने बैठक खिडकीजवळ भरे. नऊ जण होते, त्यांत कासेलचा मास्तर आणि त्याची बायको. कान निवल्याचा दाखला दोघांना नुकताच मिळाला होता. रमोनाचं गाणं अर्धं वाजून झालं होतं, आणि या संथपणात बंद पडलेल्या गिरण्यांचा श्वास कसा ऐकू येतो ते डेटलेफ सांगत होता.

रमोना म्हणाली, "क्रानर्टसाहेब, हे पंचेचाळीसवर वाजवायचं आहे. नाचाचं आहे हे."

नऊही माना तिच्याकडे वळल्या. डेटलेफ मात्र अगदी मायेने बोलला.

"बाई, तू ते केलंस. ऐकलं मी."

मग उदार होऊन त्याने यंत्राकडे हात केला. दाखव म्हणाला, लोकच ठरवतील. रमोना पुढे झाली. तिने सुई उचलून पहिल्या रेघेवर ठेवली, पंचेचाळीसचं बटण दाबलं आणि श्रोत्यांकडे वळली.

मास्तरने कपाळाला आठ्या घातल्या. एकाने घाई फार होते म्हटलं. दुसरा म्हणाला, गाण्यातली खोली गेली.

"अगदीच लग्नातलं," मास्तरची बायको म्हणाली.

रमोनाने पुन्हा बटण दाबलं. "अहो, काहीच बदललं नाही. तसंच वाजतंय ते."

"बघा," डेटलेफ श्रोत्यांना म्हणाला, "करणाऱ्याला स्वतःचं ऐकू येत नाही. म्हणून आम्ही लागतो."

लोक हसले, बेताने. रमोनाने तिसऱ्यांदा बटण दाबलं, दाबूनच धरलं, मग माझ्याकडे पाहिलं. "उली, तू तरी सांग."

मी रेकॉर्डचं कव्हर पुसत होतो. डेटलेफही माझ्याकडे बघत होता.

"जरा घाई वाटते खरी," मी म्हणालो.

तिने बोट काढलं. कोट अंगात घातला, गुंड्या वरपासून खालपर्यंत लावल्या, आणि शेवटच्या गुंडीपर्यंत कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून थांबली. डेटलेफने मला सुई परत सुरुवातीला ठेवायला आणि तेहेतीसवर आणायला सांगितलं. मी तेहेतीसचं बटण दाबलं. नऊही जणांनी सुटकेचा श्वास सोडला. मास्तर म्हणाला, आता जिवात जीव आला. दार लागलं ते कोणी ऐकलं नाही.

सोमवारी लेबलं छापायला गेली. रमोनाने पुढे काही केल्याचं माझ्या कानावर आलं नाही. मास्तर आता दर शनिवारी दुसऱ्यांना काय ऐकावं ते सुचवतो.

तिसऱ्या यंत्राचं पंचेचाळीसचं बटण मार्चपासून तुटलेलं होतं. नवं माझ्या खणात होतं. बसवायला दोन स्क्रू लागतात.