बिनचकाकीचं तांबं

पौषातली दुपार कलत होती. चिऱ्याच्या जुन्या खाणीत ऊन उतरले होते. जांभ्या भिंती आरक्त, त्यांवरचे वाळके शेवाळ सुवर्णपिंगट, आणि वर, खाणीच्या चौकोनात मावेल तेवढे, निरभ्र निळे आकाश. समुद्र दिसत नव्हता. त्याची खारी, संथ, दीर्घश्वासी गाज मात्र येत होती. असल्या दुपारी माणसाने खरे तर आडवे व्हावे.

रोहिणी राऊळ आडवी झालीच होती, पण रायफलीमागे. पीकसंरक्षणाचा परवाना वडिलांच्या मागे तिच्या नावावर झाला होता, आणि वायंगणी, म्हणजे हिवाळ्यात लावलेले, भात रानडुकरांपासून राखायचे काम गावाने तिच्यावर टाकले होते. सरकारी परवानगीही हातात आली होती. अडचण एकच होती. तिला शिशाची गोळी नको होती.

गेल्या वर्षी सुरूच्या बनातला समुद्रगरुड वाळूत पडला. तो शुभ्रवक्ष, तो धूसरपंख, तो वाऱ्याचा धनी, मान वाकडी करून पडला. मारलेल्या डुकराची आतडी त्याने खाल्ली होती, आणि आतड्यांत गोळीच्या शिशाचे कण होते. गोळी रोहिणीची होती. त्या दिवशी ती जेवली नाही. यंदा बनात नवी जोडी आली, घरट्यात पिल्लू चिवचिवू लागले, आणि रोहिणीने मनाशी ठरवून टाकले.

म्हणून जगन्नाथ तांबटांनी लेथवर तांब्याच्या गोळ्या कातल्या. जगूआण्णा म्हणजे घंगाळांचे, कळश्यांचे, समयांचे राजे. आयुष्यात पहिल्यांदाच करंगळीएवढी वस्तू घडवत होते आणि नव्या नवरदेवासारखे खूश होते. रोहिणीने काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांत सोनाराच्या तराजूवर तोललेली दारू भरली, वर ती ताम्रकांती गोळी बसवली. शिशाहून हलकी, शिशाहून कठीण, लखलखीत गोळी.

आणि त्या लखलखीत गोळ्या जिकडे मन मानेल तिकडे गेल्या! एक समोर रोवलेल्या फळीच्या डोक्यावर, एक पायथ्याशी, एक थेट मागच्या मातीत. गेरूने काढलेले वर्तुळ कोरेच राहिले. दारू कमी केली, वाढवली; गोळ्या हट्टी त्या हट्टीच.

शेताचे मालक खाणीच्या काठच्या बांधावर उभे होते. त्यांतला बाबलो मेस्त्री वाईट माणूस नव्हता, पण त्याचे अर्धे भात डुकरांनी लोळवले होते. "रोहिणीबाय," तो म्हणाला, "दिस बुडासर बघू. नायतर शिशाच्योच घेवया. डुकर थांबाचे नाय."

रोहिणीने उरलेली एक गोळी उन्हात धरली. आरशासारखी! तिच्या कपाळाला आठी पडली आणि ती शेजारी बसलेल्या जगूआण्णांकडे वळली.

"आण्णा, ही इतकी झळाळता कशी?"

"चिंचेन घासलंय. मगे रांगोळेन." जगूआण्णांची छाती फुगली. "एकेक तासभर. तांब्याची वस्तू काळी कशी देवची गिऱ्हायकाक?"

रोहिणी बघतच राहिली, आणि मग हसत सुटली. घासून घासून या भल्या माणसाने प्रत्येक गोळीची साल काढली होती. एकीची जास्त, एकीची कमी. नळीत कुणी घट्ट बसत होती, कुणी सैल. जगूआण्णांच्याही ते ध्यानात आले, आणि पिढीजात अभिमान क्षणात कानापर्यंत लाल झाला.

"तीन तशोच काळ्यो रवल्यो," ते हळूच म्हणाले. "बायलेन उरलेली चिंच बांगड्याच्या कढयेत घातल्यान. पिशयेच्या तळाक हत. दाखवूक लाज वाटली."

लाज! रोहिणीने पिशवी हिसकावूनच घेतली. तिथेच चिऱ्यावर तराजू मांडला, तिथेच पुंगळ्या भरल्या. ऊन पिवळे झाले, केशरी झाले, भिंतीवरून सरकू लागले. रोहिणी पुन्हा रायफलीमागे आडवी झाली. तिने श्वास घेतला, अर्धा सोडला, उरलेला धरला.

पहिली गोळी वर्तुळाच्या मधोमध. बांधावरून हुंकार आला. दुसरी सुटली, फळीवर नवे काहीच दिसेना. तिसरी सुटली, तरी काहीच नाही.

"एकच भोक!" बाबलो उसासला. "दोन गेल्यो डोंगरात."

रोहिणी उठली. फळीपाशी जाऊन तिने बोट लावले, आणि बोट तसेच राहिले. भोक एकच होते, पण गोल नव्हते. तीन पाकळ्यांचे होते. तिन्ही गोळ्या एकाच वाटेने गेल्या होत्या!

"आण्णा!" ती ओरडली, आणि खाण ओरडली, आण्णा, आण्णा, आण्णा.

बाबलो धावत आला. त्याने फळी उपटली, खाणीच्या उघड्या तोंडाशी नेऊन मावळतीकडे धरली, भोकाला डोळा लावला, आणि डोळे दिपून मागे सरला. "तांब्याच्योच भर गो बाय," तो म्हणाला, "सगळ्योच."

मग फळी हातोहात फिरली. आणि तिच्यातून आलेला सूर्याचा तो इवला, तीन पाकळ्यांचा कवडसा बाबलोच्या गालावर नाचला, रोहिणीच्या ओल्या पापणीवर नाचला, हसऱ्या ओठांवरून, घामट कपाळांवरून नाचत नाचत उतरला, आणि जगूआण्णांच्या काळवंडलेल्या तळव्यावर येऊन, क्षणभर थरथरून, निवांत बसला.