इंटरवलची भजी

मुलीनं मोबाइलवर तिकिटं काढून दिली आणि वर आशाबाईला बजावलं, "मामाला न्यायचंच." पिक्चर एका पोराचा होता, मोठं होता होता पावडरीच्या नादी लागलेल्या पोराचा. शिकलेल्या पोरींना वाटतं, पिक्चर बघून माणूस शहाणा होतो. ज्यानं पावडरीपायी उभी जवानी मातीत घातली, त्या सांडूमामाला पडद्यावरचं पोरगं काय नवीन सांगणार होतं?

तरी आशाबाईनं भावाला नेलं. व्यसनमुक्ती केंद्रातून दिवाळीत सुटल्यापासून तो तिच्याकडंच राहत होता. नवऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "आता पुन्हा त्या वाटेला गेला, तर ह्या घराचा उंबरा त्याला बंद." सांडूनं ते मान खाली घालून ऐकलं होतं.

पडद्यावरचं पोरगं सायकल हाणायला लागलं आणि आशाबाई थेट माहेरच्या मुकुंदवाडीला जाऊन पोचली. मुकुंदवाडी तेव्हा खेडंच होतं. सांडूदादा तिला सायकलच्या दांडीवर बसवून औरंगाबादला टॉकीजला आणायचा. बायांची बसायची जागा वेगळी, मधे कापड लावून आडोसा केलेला. दादा पार पुढं, शिट्ट्या मारणाऱ्यांत. इंटरवल झाला की दारावरची भागूबाई पुडा घेऊन आत यायची आणि सगळ्या टॉकीजला ऐकू जाईल अशी ओरडायची, "मुकुंदवाडीची आशी कोन गं? भावानं भजी धाडलीत!" बाया हसायच्या. आशी लाजून चूर व्हायची, पण त्यातलं भजं मात्र कुणाला द्यायची नाही. काय दिवस होते! तसा मान तिला पुढं सासरीसुद्धा कुणी दिला नाही.

मग एका इंटरवलला भागूबाई आलीच नाही. आशी वाट बघत बसली. पिक्चर सुटला, तर बाहेर दादा नाही अन् सायकलही नाही. रडत रडत ती पायी घरी गेली. सायकल त्यानं विकली होती, पण आईनं गावभर सांगितलं, चोरीला गेली. पुढं घरातली पितळी भांडी अशीच 'चोरीला' गेली, बैलांच्या घुंगरमाळा गेल्या, आणि शेवटी दादाच घरातून गेला.

दिवे लागले. इंटरवल झाला होता. सांडू उठून उभा राहिला.

"आलोच."

हे 'आलोच' आशाबाईनं लई वेळा ऐकलं होतं.

"बस की दादा. काय पायजे? मी आनते."

"तू बस. आलो म्हनलं ना."

दिवे गेले, पिक्चर पुन्हा सुरू झाला, शेजारची खुर्ची रिकामीच. सांडूकडं मोबाइल नव्हता. पडद्यावर त्या पोराची आई खिडकीत बसून वाट बघत होती आणि आजूबाजूला लोक नाकं ओढत होते. आशाबाईला मात्र त्या आईचा भयंकर राग आला. बसलीस काय गं नुसती? ऊठ, शोध त्याला! मग तिच्या ध्यानात आलं की आपणही बसूनच आहोत. तेव्हाही आशी अशीच बसून राहिली होती. ती लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर निघाली.

बाहेरच्या जागेत तो नव्हता, जिन्यातही नव्हता. नवऱ्याला काय सांगायचं, हे मनात जुळवतच ती खाली उतरली.

खाली दाराबाहेर, सिक्युरिटीवाल्याच्या टेबलाजवळ, सांडू पायरीवर बसला होता. मांडीवर कागदाचा पुडा, तेलानं ओला झालेला.

"बाहेरचं खानं आत चालत नाय म्हन्तो ह्यो," तो तिला बघून गडबडीनं म्हणाला. "लई विनवलं. म्हनलं, माझी भईन बसलीय आत, तिला एवढं नेऊन दे. तेबी नाय. टाकून दे म्हन्तो. कसं टाकू, सांग?"

आशाबाईला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. ती त्याच्याशेजारी पायरीवर टेकली आणि पुडा आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"गार झाली असतील," सांडू म्हणाला.

"असू दे."

भजी गार झाली होती, मऊही पडली होती. ती आवडीनं खात राहिली. सांडूनं विचारलं, "तुझा पिक्चर बुडाला की गं. त्या पोराचं काय झालं शेवटी?"

"आलं की घरी," आशाबाई म्हणाली, आणि पुड्यातलं एक भजं त्याच्या हातावर ठेवलं.