मागच्या सीटवरचा भाऊ

सलग तिसऱ्या मॅचला तेच झालं, तेव्हा ताईच्या मनात संशयाची पाल चुकचुकली.

खेळ चौघांच्या टीमचा. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या बेटावर उतरायचं, गाडी शोधायची आणि आकसत जाणाऱ्या वर्तुळात जिवंत पोहोचायचं. गाडी ठरली की रस्ता ठरला. मोटारसायकली डोंगराच्या पायवाटेनं सुसाट जातात, पण एक गोळी लागली की संपलं. जीप उथळ पाण्यातून निघते. व्हॅन दणकट, पण तिला पुलाशिवाय गत्यंतर नाही. गाडी निवडणं आणि चालवणं हे कॅप्टनचं, म्हणजे ताईचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तरीही मोटारसायकली काढल्या, तर समोरची टीम पायवाटेवर. जीप काढली, तर पाण्याच्या काठाला. व्हॅन काढली, तर मंडळी पुलावर हजर, जणू पाहुण्यांना घ्यायला आलीत.

पाणी कुठंतरी मुरत होतं, आणि ताईला मुरायला जागा एकच दिसत होती: धाकटा भाऊ. मागच्या वर्षापर्यंत तो त्या समोरच्याच टीमकडून खेळायचा. अजूनही दोन मॅचच्या मध्ये त्याची बोटं फोनवर चालूच असायची. बाकीचे दोघे तिला कॅप्टन म्हणत. हेडफोनमध्ये ‘ताई’ म्हणणारा हा एकटा. म्हणूनच ते जास्त लागलं.

फायनलला जायला दोनच मॅच उरल्या होत्या, दोन्ही याच टीमशी, आणि दुसरी काहीही करून जिंकायलाच हवी होती. ताईनं सगळ्यांदेखत हात पुढं केला.

“फोन दे.”

“कशाला?”

“दे म्हटलं ना. आणि ही मॅच तू बाहेर बस.”

त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि तो प्रेक्षकांत जाऊन बसला. त्याच्या जागी राखीव खेळाडू आला.

या वेळी ताईनं कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. गाडीपाशी पोहोचेपर्यंत तिचं तिलाही ठरलं नव्हतं. शेवटी जीप घेतली, सवयीनं दोनदा हॉर्न दिला आणि निघाली. बाबा बस चालवायचे. मागं कुणी उभं असेल तर बाजूला व्हावं, म्हणून दोन हॉर्न दिल्याखेरीज त्यांनी कधी बस हलवली नाही. ते गेल्यावरही तिनं तो नेम मोडला नव्हता, खेळातसुद्धा.

पाण्याच्या काठाला समोरचे वाटच बघत होते.

जीपचं फक्त तिला ठाऊक होतं.

मॅच संपल्यावर धाकटा खुर्चीपाशी आला.

“बाहेरच्या पडद्यावर त्यांच्या बाजूचं ऐकू येतं,” तो हळूच म्हणाला. “त्यांचा एक जण दर वेळी आपल्याजवळ उतरतो आणि भिंतीआड नुसता कान लावून बसतो. प्रत्येक गाडीचा हॉर्न वेगळा. तू वाजवलास की तो बाकीच्यांना गाडी सांगतो.”

ताईला शरमेनं मान वर करवेना. इतके दिवस ती घरभेदी शोधत होती, आणि बातमी तिच्याच बोटातून जात होती.

“चुकलं माझं,” तिनं फोन त्याच्याकडे सरकवला. “बस तुझ्या जागेवर.”

त्यानं फोन खिशात टाकला आणि हेडफोन चढवला.

शेवटच्या मॅचला तिनं व्हॅन घेतली. बोट हॉर्नच्या बटणावर गेलं होतं, ते तिनं मागं घेतलं. पूल मोकळा होता. मागच्या सीटवरून धाकटा नेहमीसारखाच वाट सांगत होता, एकही वळण न चुकता.

“पुढून डावीकडं घ्या, कॅप्टन.”