बोटीतला तेरावा

"दोनदा मोजले, लबीब. प्रभूचे शिष्य बारा. हा तेरावा कोण? बिनदाढीचा, वर फुटबॉलचा लाल शर्ट घातलेला?"

स्टुलावर बसलेला लबीब ब्रश धूत राहिला. अबूना विस्सांना ठाऊक नव्हतं थोडंच! आमच्या चर्चचे धर्मगुरू ते, त्यांनीच तर त्या पोराला बाप्तिस्मा दिलेला. लबीबचा मुलगा किरोलोस. सतराव्या वर्षी लिबियाला गेला, तिथून इटलीच्या बोटीत बसला. बोट बुडाली. प्रेत मिळालं नाही, म्हणून शवपेटी नाही, की कबर नाही. चार वर्षं झाली.

लबीब आमच्या मिन्या शहरात सिनेमाच्या पाट्या रंगवायचा. एकदा त्याने थिएटरवर सिंह काढला, तर बाजारातली सगळी कुत्री नाईलपलीकडे राहायला गेली. मी पडलो न्हावी, माझ्या बोलण्यातलं निम्मं कापून घ्या. पण चर्चच्या भिंतीवर त्याने शिष्यांच्या बोटीत उभा राहून वादळ शमवणारा येशू काढला, तो पाहून मी टोपी काढली, हे पूर्ण खरं. लाटांवर रोखलेला त्याचा एक हात होता, आणि दुसरा त्या पोराच्या खांद्यावर.

"रविवारी बिशप येतायत," अबूना म्हणाले. "चित्राला पवित्र तेल लागलं की ते देवाचं. मग पुसता येत नाही. आजच पूस."

"मग पुसता येत नाही म्हणूनच काढलाय," लबीब म्हणाला. "त्याच्या आईनं, अन्साफनं, चार वर्षांत चर्चची पायरी चढलेली नाही. रडायला एक जागा तरी होऊ द्या तिला."

अबूना बाकावर बसले. स्वतःशीच हसले. "बाप्तिस्म्याच्या पाण्यात माझी दाढी ओढली होती चोरानं." मग डोळे पुसून म्हणाले, "शर्टावर झगा चढव. दाढी लाव. मी पुन्हा मोजणार नाही."

"आणि बिशप?"

"ते मोजायला लागले, तर मी धूप जरा जास्त घालीन."

झगा झटकन झाला. दाढीपाशी मात्र लबीबचा ब्रश अडला.

"उस्ता," तो मला म्हणाला, "कशी आली असती रे त्याला?"

त्या गालाला माझा वस्तरा कधी लागलाच नव्हता. मी लबीबची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "तुझ्यासारखीच. डावीकडे विरळ. तुझ्या बापाचीही तशीच होती."

संध्याकाळी मीच अन्साफला बोलावून आणलं. दारात ती थबकली. मग सरळ भिंतीपाशी गेली आणि बराच वेळ बघत राहिली.

"केवढा मोठा झाला," ती म्हणाली. "अहो, डावीकडे तुमच्यासारखीच विरळ आलीय."

"हात लावू नको," लबीब कसाबसा म्हणाला. "रंग ओला आहे."

तिने उचललेला हात मागे घेतला नाही. त्या गालापासून बोटभर अंतरावर तसाच धरून ठेवला.