माझं डावं तोंड आणि त्यांचं पाचवं प्रकरण

मी पेडगावच्या दत्तरावांचा पखवाज बोलतोय. एरवी मी वाजतो, पण या माणसानं मला इतका वैताग आणलाय की आज बोलतोच.

मी मूळचा चारठाण्याच्या आश्रुबा महाराजांचा. त्यांनीच मला शिसवाच्या खोडातून घडवून घेतलं आणि पुढं दत्तरावांच्या, म्हणजे लाडक्या शिष्याच्या, ओटीत घातलं. माझ्या डाव्या तोंडाला दर वेळी गव्हाची ओली कणीक थापतात, तेव्हा कुठं आवाज भरदार निघतो. वाजवून झालं की ती लगेच खरवडून काढायची. एवढीच माझी अपेक्षा आहे हो!

दत्तराव मोठे नावाजलेले. पण पासष्टी उलटली तरी यांचं शिकणं संपेना. दर गुरुवारी मला खांद्याला अडकवून चारठाण्याला जायचं. देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघताना माझ्याच पाठीवर बोल घोकत बसायचं. लोक हसतात आणि लाज मला वाटते.

त्यात पुस्तकांचं खूळ. दोन झाली, आता तिसरं. अर्धा बोल वाजवायचा, थांबायचं, लिहायचं. पुन्हा अर्धा बोल. सलग वाजणं मी विसरूनच गेलो होतो.

मागच्या महिन्यात महाराजांनी एक अवघड परण, म्हणजे बोलांची लांबलचक गुंफण, शिकवली. महाराज नव्वदीचे. कानांनी साथ सोडली आहे, पण माझ्या खोडावर हात ठेवला की थाप न् थाप ओळखतात. ती परण त्यांना वाजवून दाखवायची होती. आदल्या दिवशी रियाज करता करता दत्तरावांना पाचवं प्रकरण सुचलं, आणि मला तसाच खाली ठेवून ते लिहायला बसले. प्रकरण कशावर? पखवाजाची निगा!

सकाळी दत्तरावांच्या पत्नी धुरपदाबाई झाडायला आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. कणकेबरोबर माझं कातडंही कुरतडलं होतं.

"अवो, पुस्तकात लिव्हायलाव कणीक काढा म्हणून, अन् हितं उंदीर जेवून गेलाय!" त्या नवऱ्यावर कडाडल्या.

दत्तरावांनी उसना पखवाज घेतला आणि मलाही सोबत नेलं. महाराजांनी उसन्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "ह्यो माजा न्हाई." मग माझं फाटलं तोंड चाचपून म्हणाले, "दत्ता, पुस्तक लय चांगलं व्हईल तुजं. पर मला आता फार दिस न्हाईत रं. ह्याला नीट करून आण."

दत्तराव मान खाली घालून बसले. मला फार वाईट वाटलं.

आज नवं कातडं चढलं. दुपारी दत्तरावांनी ती परण पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठंही न थांबता वाजवली. काय सांगू, माझं सगळं खोड भरून आलं!

आणि आता? मला भिंतीला टेकवून ते पाचवं प्रकरण सुधारायला बसलेत. स्वतःची चूक लिहितायत म्हणे, तीही अगदी मन लावून. धुरपदाबाई शेतात गेल्यात. माझ्या तोंडावरची कणीक सुकायला लागली आहे आणि कोठीमागं काहीतरी खुडबुडतंय.

अहो दत्तराव, उद्या गुरुवार आहे. म्हातारा हात पुढं करून बसला असेल. लिहा नंतर, आधी कणीक काढा!