राहीचं रक्त

दंडाला रबराची नळी आवळताच शीर टचकन वर आली, तेव्हाच सकुबाईच्या मनात पाल चुकचुकली. मुरबाडच्या दवाखान्यात अठरा वर्षं सुया टोचून चेहरे तिच्या लक्षात राहीनासे झाले होते, हात मात्र पक्के राहत. आज कागदावर जिचं नाव होतं, त्या गिरजाचा हात तर महाकठीण. मागच्या खेपेला शीर सापडेपर्यंत सकुबाई घामाघूम झाली होती.

“नाव काय म्हणालीस?”

“गिरजा लडकू.”

“खरं सांग गो.”

पोरीनं मान खाली घातली. “मी राही. तिची नणंद. वयनी भायेर बसलीय.”

गिरजाच्या गर्भपिशवीतल्या गाठी काढून वर्ष झालं होतं. मूल नव्हतं, म्हणून पिशवी राखली होती. अशा गाठी कधीकधी पुन्हा धरतात. रक्तातल्या काही खुणांवरून ते आधी कळतं का, हे मुंबईचे डॉक्टर तपासत होते, म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं. एवढंच. पण राहीनं सांगितलं, टोकावड्याला घरी सासूनं वेगळाच अर्थ लावला होता: रक्त वाईट निघालं की पिशवी काढणार आणि लडकूला दुसरी बायको करावी लागणार. त्यावर नणंद-भावजयींनी ही तोड काढली होती. सकुबाईला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली.

ती बाहेर बाकावर गिरजाशेजारी जाऊन बसली.

“रगत बघून कोण पिशवी काढत नाय. गाठ परत धरंल का, त्याचा नुसता अंदाज. तोबी अजून पक्का नाय.”

“आन् अंदाज वाईट आला तर?”

“तर डॉक्टर लवकर लवकर तपासतील.”

“मूल होईल?”

अशा वेळी होईल म्हणायची सकुबाईला सवय होती. आज जीभ रेटेना. “मला नाय सांगता येत. द्यायचं नसंल तर देऊ नको, कोण जबरदस्ती करत नाय. पण राहीचं देऊ नको. उद्या तुला गाठ धरली आन् कागद सांगत ऱ्हायला सगळं ठीक, तर?”

गिरजा उठली. आत गेली आणि हात पुढे केला. तीन ठिकाणी टोचावं लागलं.

“कागद घरी धाडू नका,” कापसाचा बोळा दाबून धरत ती म्हणाली. “सासू वाचून घेईल कोणाकडनं. मला पयलं कळूं दे.”

सकुबाईनं फॉर्मवरचा लडकूचा पत्ता खोडला आणि वर लिहिलं.

“काय लिवलं?”

“रुग्ण स्वतः येऊन नेईल.”

“माझं नाव घालून वाचा.”

“गिरजा स्वतः येऊन नेईल.”

गिरजानं मान हलवली, पदर सावरला आणि राहीला घेऊन ती एस.टी. स्टँडकडे चालू लागली.