मापाची स्कूटर

चिमीला हे नाव तिच्या उंचीवरून पडलं. पुढे ना उंची वाढली, ना नाव सुटलं. ती केस कापायची. दुकान नव्हतं. घडीची खुर्ची आणि कात्र्यांची पिशवी घेऊन ती लोकांच्या घरी जायची. अंथरुणाला खिळलेले, गुडघ्यांनी साथ सोडलेले, नुकतंच ऑपरेशन झालेले, अशी सगळी तिची गिऱ्हाइकं. पडल्या माणसाचे केस उशीवर न सांडता कापायची हातोटी तिच्याकडे होती, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता.

टेकडीवरच्या वृद्धाश्रमात तिची फेरी ठरलेली असायची. पण तिकडची बस बंद झाली आणि फेऱ्या खुंटल्या. शेवटी आश्रमाच्या मॅनेजरबाईंचा फोन आला.

"अहो, इथे सगळ्यांच्या डोक्याची जंगलं झालीत. एक आजोबा तर सूप पिताना एका हाताने मिशी वर धरतात. काहीतरी करा बाई!"

घरामागच्या अंगणात थोरल्या भावाची जुनी स्कूटर पडून होती. दादाने गाडी घेतल्यापासून तिच्यावर फक्त पायपुसणी वाळायची. चिमीने पायपुसणी उचलली आणि स्कूटरभोवती एक चक्कर मारली.

दादाला हसू आवरेना. "तू चालवणार? अगं, पाय तरी टेकतील का तुझे? रविवारी भंगारवाला येतोय, त्याला देऊन टाकू."

"त्याला सांग, माल गेला म्हणून," चिमी म्हणाली.

लायसन्स तिच्याकडे होतं. मैत्रिणीच्या बुटक्या मोपेडवर ती शिकली होती. पण ही स्कूटर काही केल्या चालू होईना. किक मारून मारून पोटरीला गोळे आले. टाकीतल्या शिळ्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येत होता. तिने ते काढून ताजं भरलं. प्लग काढला तर काजळीने काळाठिक्कर. तो घासला, कार्बोरेटर सोडवला, त्याच्या बारीक छिद्रातून तार फिरवली. तरी स्कूटर ढिम्म. शेवटी तिने एअर फिल्टरची डबी उघडली आणि कपाळाला हात लावला. आत उंदराने संसार थाटला होता. कापूस, कागद, आणि दादाच्या हरवलेल्या मोज्याचा बराचसा भाग. इंजिनाने श्वास घ्यायचा तरी कुठून?

डबी साफ करून तिने किक मारली. फट् असा आवाज झाला, धुराचा एक काळा लोट उठला आणि इंजिन धडधडायला लागलं. चिमीने अंगणातच उडी मारली. धूर सरळ दोरीवरच्या पांढऱ्याशुभ्र सोफ्याच्या कव्हरावर गेला, हे तिला जरा उशिरा दिसलं.

कव्हर वहिनीचं होतं.

वहिनी पुढच्या खोलीत मशीनवर बसून फर्निचरच्या दुकानासाठी कव्हरं शिवायची. उंच, ताठ, आणि बोलायला मोजकी. नणंद-भावजयीचं भांडण असं कधी झालं नव्हतं, पण सूतही जुळलं नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून दोघी एकमेकींना 'अहो-जाहो' करायच्या. वहिनीच्या कापडाच्या कात्रीला चिमीने हात लावायचा नाही आणि चिमीच्या केसांच्या कात्रीला वहिनीने, हा घरातला अलिखित कायदा होता.

वहिनीने कव्हर दोरीवरून काढलं, चिमीकडे एकदा पाहिलं आणि आत निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं चिमीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती स्कूटर घेऊन रस्त्यावर निघाली. चालताना स्कूटर झकास होती, पंचाईत थांबताना झाली. वाण्याच्या दुकानासमोर एक मांजर आडवं पळालं, चिमीने ब्रेक दाबला, पाय खाली सोडला, आणि पायाखाली काहीच आलं नाही. स्कूटर निवांतपणे एका अंगावर कलली आणि चिमीसकट कांद्यांच्या टोपलीत जाऊन पडली.

कांदे वेचून देऊन, खरचटलेला गुडघा घेऊन ती स्कूटर ढकलत घरी आली. दादाने तोंड उघडायच्या आत वहिनी दारात आली. तिच्या गळ्यात माप घ्यायची टेप होती.

"सरळ उभ्या राहा," ती म्हणाली.

"कशाला?"

"माप घ्यायला. आणखी कशाला?"

तिने चिमीच्या पायाचं माप घेतलं, मग स्कूटरच्या सीटचं. मग सीट काढून खोलीत नेली, कव्हर उसवलं आणि आतला फोम पावाच्या सुरीने तासायला बसली. चिमी दारात उभी राहून बघत होती.

"नुसती उंची कमी करून भागत नाही," वहिनी मान वर न करता म्हणाली. "सीट पुढे रुंद आहे, तिथे मांड्या फाकतात. मग पाय खाली कसा पोचेल? पुढून निमुळती करायला हवी."

त्या दिवशी वहिनी चिमीशी जितकं बोलली, तितकं एरवी महिन्यात बोलत नसे. तिने जाड, मरून रंगाचं रेक्झिन ओढून बसवलं, कडेने दुहेरी टीप मारली. दुकानात ठेवली असती तर कुणीही नवी म्हणून घेतली असती अशी सीट झाली. मग दोघींनी मिळून मागे एक लोखंडी कॅरिअर बसवलं, चिमीची घडीची खुर्ची उभी राहील असं. चिमी बसली. दोन्ही चवडे जमिनीला भक्कम टेकले. तिने पाय उचलून पुन्हा टेकवले, पुन्हा उचलले.

"नाचायचं नाहीये, बसायचंय," वहिनी म्हणाली. पण ती हसत होती.

एवढंच राहिलं की मिटल्यावर सीट खडखडायची. वहिनीला खडखड खपत नसे. तिने सीटच्या खालच्या बाजूला रेक्झिनमध्ये गुंडाळलेली फोमची एक घट्ट उशी चिकटवली. खडखड गेली.

आणि दुसरंच दुखणं सुरू झालं. चिमी टेकडीकडे निघाली की बाजार ओलांडेपर्यंत स्कूटर मजेत चालायची, मग चढ सुरू झाला की आचके द्यायची आणि बंद पडायची. चिमी उतरायची, सीट उघडून आत डोकवायची, काही दिसायचं नाही. पुन्हा किक मारली की चालू. थोडं अंतर गेलं की पुन्हा बंद. अंगणात मात्र सीट उघडी टाकून कितीही वेळ चालवा, इंजिन एका लयीत चालायचं. मेकॅनिकने दुकानात सीट उघडून इंजिन चालवलं, कान लावला आणि मान हलवली.

"बाई, इंजिन थकलंय. उतरवून खोलावं लागेल. नाहीतर चढ विसरा."

"मी काय सांगत होतो?" दादा म्हणाला.

चिमीचा चेहरा उतरला. मॅनेजरबाईंना तिने उद्या येते म्हणून कळवूनही टाकलं होतं. रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. सकाळी ती खुर्ची बांधायला अंगणात आली, तर वहिनी पायांत बूट घालून तयार.

"मी मागे बसते. बंद पडते तेव्हा नक्की काय होतं ते बघू."

दोघी निघाल्या. चिमी पुढे, मागे तिच्याहून वीतभर उंच वहिनी, आणि तिच्या पाठीशी खुर्ची. बाजारातली माणसं वळून वळून पाहत होती. चढ लागला. अर्ध्यावर स्कूटरने आचका दिला, दुसरा दिला आणि ती गप्प झाली.

चिमीचा हात सवयीने सीटकडे गेला. वहिनीने तो धरला.

"थांबा. आधी न उघडता बघू."

चिमीने इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं. प्लग काढून इंजिनाला टेकवला, वहिनीने किक मारली. निळी ठिणगी चटकन उडाली.

"ठिणगी आहे," चिमी म्हणाली. "म्हणजे पेट्रोल पोचत नाहीये." तिने कार्बोरेटरची नळी सोडली. नळीतून एक थेंब आला, आणि बस. "बघा! टाकी भरलेली आहे आणि थेंब येत नाही!"

"आता उघडा," वहिनी म्हणाली.

चिमीने सीट उचलली. सीटखालच्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणापाशी सुस्स् असा बारीकसा आवाज झाला, आणि तिच्या हातातल्या नळीतून पेट्रोलची धार लागली. तिने घाईघाईने नळी अंगठ्याने दाबली. दोघी त्या झाकणाकडे बघत राहिल्या. झाकणाच्या मधोमध सुई जाईल एवढं छिद्र होतं. आणि सीट मिटली की बरोबर त्याच्यावर येत होती वहिनीची ती उशी.

"हवा," चिमी म्हणाली. "पेट्रोल खाली उतरलं की वरून तेवढी हवा आत जायला हवी. उशीने छिद्र बुजतंय. त्यात आपण वर बसतो, म्हणजे बूचच मारल्यासारखं."

"आणि सीट उघडून बघितलं की हवा आत जाते, म्हणून पुन्हा चालू होते," वहिनी सावकाश म्हणाली. "अंगणात सीट उघडी. मेकॅनिककडे उघडी." तिचा चेहरा लाल झाला. "म्हणजे इंजिनाला काही झालेलं नाही. माझीच शिवण नडली."

वहिनीच्या कामात कुणी खोट काढलेली चिमीने कधी ऐकली नव्हती. आणि एकाएकी वहिनी हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग ती रस्त्याकडेच्या दगडावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिला बघून चिमीही हसत सुटली, नळीवर अंगठा तसाच दाबून.

"उशी फाडायला काही आहे का?" वहिनीने डोळे पुसत विचारलं.

चिमीने नळी आणि प्लग जागेवर बसवले, हात पुसले आणि पिशवी उघडली. धारदार म्हणाव्यात अशा तिच्याकडे फक्त केसांच्या कात्र्या होत्या. तिने त्यातली एक क्षणभर हातात तोलली आणि वहिनीपुढे धरली.

"ही? रेक्झिनवर?" वहिनी दचकली. "अगं, धार मरेल हिची!"

"आणखी दोन आहेत पिशवीत. काप तू."

दोघींच्याही तोंडून 'अहो-जाहो' गळून पडलं होतं. तिकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

वहिनीने उशीच्या मधोमध एक गोल खिडकी कापली, झाकणापेक्षा चांगली मोठी. घाईतही तिने ती वेडीवाकडी होऊ दिली नाही. सीट मिटली. चिमीने किक मारली. स्कूटर निघाली.

जिथे ती दरवेळी बंद पडायची ते वळण गेलं. त्यापुढचं गेलं. चढ उभा झाला, इंजिनाचा आवाज जाड झाला, पण आचका आला नाही.

"चल ग माझी राणी!" चिमी ओरडली.

"मला म्हणतेस की हिला?" मागून वहिनीने विचारलं.

"दोघींना!"

वृद्धाश्रमाच्या फाटकातून स्कूटर आत शिरली तेव्हा व्हरांड्यातल्या खुर्च्यांमध्ये एकच कल्ला उडाला. कुणी काठी आपटली, कुणी टाळ्या पिटल्या. मॅनेजरबाई धावत आल्या. चिमीने ब्रेक दाबला, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि हेल्मेट काढून सगळ्यांना हात केला. मोठी लढाई जिंकून आलेल्याला जसं वाटत असेल, तसं तिला वाटलं.

मग काम सुरू झालं. चिमी कापत होती, वहिनी मानेभोवती फडकं बांधत होती, आरसा धरत होती. मिशीवाल्या आजोबांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "हा कोण तरुण?" एका आजींना केसांपेक्षा सीटमध्ये जास्त रस होता. त्यांनी दुहेरी टिपेवरून बोट फिरवलं, दाबून बघितलं आणि विचारलं, "माझ्या चाकाच्या खुर्चीला अशी गादी करून देशील का ग?" वहिनीने लगेच टेप काढली. तिच्याभोवतीही रांग लागली.

दुपार कलली तेव्हा चिमी अंगणातले केस झाडत होती. वहिनी स्कूटरपाशी उभी होती. हँडलवर हात ठेवून, उगीचच.

"शिकवतेस?" तिने विचारलं.

"आत्ता?"

"आत्ता. खाली गेल्यावर तुझ्या भावाच्या देखत नको."

वहिनी बसली. सीट चिमीच्या मापाची, त्यामुळे तिचे गुडघे हँडलला लागत होते. हँडल वळायला जागा व्हावी म्हणून तिने ते दोन्हीकडे पसरले. चिमी शेजारून चालत होती, मग पळू लागली, मग मागे राहिली. व्हरांड्यातून सूचनांचा पाऊस पडत होता. "समोर बघ!" "ब्रेक कुठला ते माहीत आहे ना?" "वळव, वळव, कुंडी आहे!"

वहिनीने कुंडी चुकवली. अंगणाला एक अख्खी फेरी मारली, ओठ घट्ट मिटून. फाटकापाशी आली, थांबेल असं सगळ्यांना वाटलं. पण तिने हॉर्न वाजवला, जोरात, लांबलचक, आणि दुसऱ्या फेरीला निघाली.